साखरेऐवजी खजूर : कोकणातल्या स्वयंपाकघरांतून आलेले प्रश्न

खजूर, अंजीर, मनुका, सुकेळी यांच्या गोडीवर घरी लाडू-वड्या करणाऱ्या वाचकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असं आम्ही गेल्या अंकात म्हटलं होतं. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडून प्रश्न आले. त्यांतले बरेचसे फिरून ओलीपाशीच येतात. जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. देशावरच्या कोरड्या हवेत बेतलेली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही, म्हणून उत्तरं देताना इथली हवा धरूनच मापं दिली आहेत. गणपती तोंडावर आहेत, तेव्हा मोदकाचाही प्रश्न घेतला आहे.

खजूर कोमट पाण्यात भिजवून, वाटून, त्यात काजू-बदाम घालून लाडू केले. तिसऱ्या दिवशी चिकट झाले आणि पाचव्या दिवशी डब्यात बुरशी दिसली. खजूर खराब होता का?
– एक वाचक, मालवण

खजूर बहुधा चांगलाच असणार, घात केला तो भिजवण्याने. सुकं फळ टिकतं याचं कारण त्यात पाणी कमी असतं आणि जे असतं ते साखरेने धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे बुरशीला ते मिळत नाही. भिजवलेल्या खजुरात बुरशीला लागतं तेवढं मोकळं पाणी तयार होतं. वर ते वाटण काजूत मिसळलं की काजू ती ओल शोषून मऊ पडतात. पाचव्या दिवशी दिसलेली बुरशी खरं तर दुसऱ्या दिवसापासूनच आत वाढत असते.

खजूर मऊ करायला पाणी लागत नाही, थोडं तूप आणि मंद आच पुरते. माप असं घ्या : बिया काढलेला खजूर २५० ग्रॅम, काजू ७५ ग्रॅम, बदाम ५० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं ५० ग्रॅम, तीळ २५ ग्रॅम, खसखस एक मोठा चमचा, तूप दोन लहान चमचे, वेलची किंवा जायफळ आणि चिमूटभर मीठ. मीठ गाळू नका, त्याने खजुराची गोडी उठून येते.

खजूर एकेक उभा चिरून आत बघा. आत काळी भुकटी किंवा अळीचं जाळं दिसलं तर तो टाका. अख्खा खजूर बाहेरून चकचकीत दिसत असला तरी हे चुकवू नये. मग काजू-बदाम मंद आचेवर ८ ते १० मिनिटं भाजा, तीळ तडतडेपर्यंत, खोबरं फिकट बदामी होईपर्यंत आणि खसखस जेमतेम मिनिटभर. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण एकत्र भाजले तर काजू कच्चे असतानाच खसखस करपते. सगळं ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच भरड कुटा. गरम काजू मिक्सरला लावले की तेल सुटून त्यांचा लगदा होतो.

जाड बुडाच्या कढईत तूप टाकून बारीक चिरलेला खजूर मंद आचेवर ४ ते ५ मिनिटं परता, कालथ्याच्या पाठीने दाबत राहा. खजूर कडा सोडून गोळा व्हायला लागला की लगेच गॅस बंद. इथे आणखी पाच मिनिटं रेंगाळलात तर गरम असताना फरक कळत नाही, पण गार झाल्यावर लाडू दगडासारखे होतात. भरड मिसळा, हाताला सोसेल एवढं निवलं की कोरड्या हाताने २० ते २२ ग्रॅमचे लाडू वळा. एवढ्या मापात साधारण २२ होतात.

वळलेले लाडू ताटात तासभर पंख्याखाली ठेवा, त्याहून जास्त नको. पावसाळ्यात रात्रभर उघडे ठेवले तर ते सुकत नाहीत, उलट हवेतली ओल ओढून घेतात. गरम लाडू डब्यात भरून झाकण लावायचं नाही. झाकणाखाली वाफेचे थेंब धरतात आणि बुरशीची पहिली ठिणगी तिथेच पडते. या पद्धतीने केलेले लाडू पावसाळ्यात बाहेर सात-आठ दिवस आणि फ्रिजमध्ये महिनाभर राहतात. फ्रिजचा डबा मात्र लहान असावा. मोठा डबा रोज बाहेर काढला, उघडला, परत आत ठेवला की दर वेळी लाडवांवर दंव बसतं. चार-चार लाडवांचे लहान डबे भरा आणि काढलेला डबा त्याचा गारवा गेल्यावरच उघडा.

खजूर घेताना एक पाहा. फ्रिजमध्ये ठेवून विकला जाणारा मऊ, काळा, बोट लावताच दबणारा खजूर खायला उत्तम, पण त्यात ओलावा बराच असतो. लाडवाला थोडा चिवट, सुटा, सुरकुतलेला खजूर घ्यावा. आणि लाडवावर बुरशी दिसली तर वरचा भाग खरवडून उरलेला खाऊ नका. दिसते त्याहून ती आत खोल गेलेली असते.

आमच्या सासूबाईंना मधुमेह आहे. या लाडवांत साखर नाही, म्हणजे त्यांना चालतील ना?
– एक वाचक, चिपळूण

साखर घातलेली नाही एवढंच खरं आहे. लाडू बिनसाखरेचा होत नाही. १०० ग्रॅम खजुरात ६५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, मनुकांत ६० च्या पुढे, सुक्या जर्दाळूत ५० च्या थोडी वर आणि सुक्या अंजिरात ४८ ते ५०. गुळात ती ८५ च्या आसपास किंवा वर जाते. सुक्या फळाबरोबर तंतू येतात हा त्याचा खरा फायदा. अंजिरात १०० ग्रॅममागे ९ ते १० ग्रॅम, खजुरात ७ ते ८. साखरेत आणि गुळात ते जवळजवळ नसतातच.

वरच्या मापाचा हिशोब करू. २५० ग्रॅम खजुरात सुमारे १६० ग्रॅम साखर, लाडू २२, म्हणजे एका लाडवात ७ ग्रॅम, चहाचा सपाट दीड चमचा. सोबतच्या काजू-बदाम-तिळामुळे ती रक्तात थोडी सावकाश चढते, पण चढते. ‘पौष्टिक आहे, खा अजून एक’ असं म्हणत तीन लाडू वाढले तर साखरेचे साडेचार चमचे झाले. मधुमेह असलेल्या घरात हे प्रेम महागात पडतं, आणि ते पौष्टिकतेच्या नावाखाली होतं म्हणून लक्षातही येत नाही.

डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलेलं नसेल तर २० ग्रॅमचा एक लाडू जेवणाच्या शेवटी द्यावा, चहाबरोबर रिकाम्या पोटी नाही. आणि त्या जेवणातली अर्धी पोळी किंवा वाटीभर भातातला चौथा हिस्सा कमी करावा. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर दोन तासांनी मोजून पाहा. दोन माणसांच्या शरीराचं उत्तर सारखं नसतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचाराच, कारण खजूर, अंजीर, जर्दाळू या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असतं.

गोडी कमी हवी असेल तर खजूर १०० ग्रॅम आणि सुकं अंजीर १०० ग्रॅम घेऊन बाकीची मापं तशीच ठेवा आणि भोपळ्याच्या भाजलेल्या बिया ५० ग्रॅम वाढवा. अंजिराला खजुराइतका चिकटा नसतो, त्यामुळे तूप एक चमचा जास्त लागेल आणि लाडू जरा दाबून वळावे लागतील.

खारकेची पूड घरी करताना मिक्सरचं पातं अडतं आणि झालेली पूड दोन दिवसांत दगड होते. बाळंतिणीसाठी करायची आहे.
– एक वाचक, गुहागर

पातं अडतं कारण खारीक बाहेरून वाळलेली वाटली तरी आतून चिवट असते. अडकित्त्याने फोडून बिया काढा, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करा. ते मंद आचेवर १० ते १२ मिनिटं सारखे हलवत भाजा आणि ताटात पसरून गार करा. गरम असताना तुकडा वाकेल, गार झाल्यावर तोडला की ‘कट्’ असा मोडला पाहिजे. मोडला नाही तर अजून पाच मिनिटं भाजा. मोठ्या भांड्यात एकदम न भरता मूठ-दीड मूठ घेऊन थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं, खारकेतली साखर चिकट होते आणि पूड पात्याखाली थापली जाते.

दगड होण्याचं कारण पुन्हा हवा. खारकेची साखर ओल ओढते, कण एकमेकांना चिकटतात. पूड एकटी ठेवू नका. १०० ग्रॅम पुडीत ५० ग्रॅम भाजून कुटलेलं सुकं खोबरं आणि २५ ग्रॅम भाजलेल्या मखाण्यांची पूड मिसळून ठेवली की कण सुटे राहतात. चमचा कोरडा. पावसात एका वेळी आठवडाभर पुरेल एवढीच करा, आणि खारीक मात्र अख्खी, बंद डब्यात साठवा. दगड झालेली पूड वासाला चांगली असेल तर टाकायची गरज नाही, दुधात उकळली की विरघळते.

खजुराचे लाडू मुलांना आवडतात, मोठ्यांना मात्र दुसऱ्या घासाला गोडमिट्ट होतात. काय करावं?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर तुमच्या घरच्या बरणीतच आहे : आमसूल. रातांब्याची सालं त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली असतात, त्यामुळे थोडक्यात भरपूर आंबटपणा देतात. २५० ग्रॅम खजुराला सहा-सात आमसुलं पुरतात. मीठ लावलेली नकोत, बिनमिठाची घ्या. जुनी, खडखडीत वाळलेली असतील तर तशीच, नाहीतर मंद तव्यावर दोन-तीन मिनिटं शेकून गार करा आणि थोड्या तिळाबरोबर कुटा. नुसती कुटली तर चिकटतात, तिळाबरोबर भुगा होतो.

ही पूड खजुरात कढईतच मिसळायची, भरडीत नाही. तूप लागलेल्या गरम खजुरात ती सारखी पसरते, नाहीतर एखाद्या घासात एकदम आंबट कण येतो. रंग थोडा गडद होतो, तो चांगलाच दिसतो. सोबत पाव चमचा सुंठ घातली तर जायफळ गाळा. आमसूल आणि जायफळ एकमेकांना झाकून टाकतात, असं आमचं मत आहे.

या वर्षी उकडीच्या मोदकांत गुळाऐवजी खजूर घालायचा विचार आहे. प्रमाण द्याल का?
– एक वाचक, अलिबाग

प्रमाण देतो, पण आधी मोजमाप. २०० ग्रॅम ओल्या खोबऱ्याला नेहमी १५० ग्रॅम गूळ धरतात आणि त्यात साधारण १५ मोदक होतात. म्हणजे एका मोदकात गुळातून येणारी साखर साडेआठ ग्रॅमच्या आसपास. गूळ ७५ ग्रॅमवर आणला आणि ५० ग्रॅम खजूर घातला तर ती साडेसहावर येते. बचत दोन ग्रॅमची. तेच मोदक १५ ऐवजी २० केले, म्हणजे पारी तेवढीच पातळ ठेवून आकार लहान केला, तर नेहमीच्या गुळाच्या सारणातही तुम्ही जवळजवळ तिथेच पोचता. दोन्ही केलं तर एका मोदकात पाच ग्रॅमच्या आत.

गूळ पूर्ण काढू नये असं आम्ही आग्रहाने सांगू. गूळ वितळून खोबऱ्यात मुरतो, त्यानेच सारणाला ओल आणि तो वास येतो. खजूर वितळत नाही. नुसत्या खजुराचं सारण गडद, जड आणि कोरडं होतं, आणि नारळ चवीतून मागे पडतो.

तेव्हा असं करा : खवलेला ओला नारळ २०० ग्रॅम आणि चिरलेला गूळ ७५ ग्रॅम मंद आचेवर ठेवा. गूळ विरघळून खोबऱ्यात मुरला की, म्हणजे पाच-सहा मिनिटांनी, अगदी बारीक चिरलेला ५० ग्रॅम खजूर, भाजलेली खसखस एक चमचा आणि वेलची घाला. आणखी दोन-तीन मिनिटं. सारण बाजूला सारल्यावर कढईच्या बुडाला रस परत वाहत आला नाही म्हणजे झालं. फार कोरडं वाटलं तर नारळाच्या दुधाचे दोन लहान चमचे शिंपडा. पाणी नको.

खजूर घातलेल्या मोदकांची पारी फुटते ती दोन कारणांनी. एक, खजुराचे तुकडे मोठे राहिले आणि मोदक मिटताना आतून टोचले. दोन, सारण कोमट असतानाच भरलं. वरून गार वाटणारं सारण मध्ये गरम असतं. ताटात पसरून अर्धा तास ठेवा. उकड नेहमीचीच : वाटीभर आंबेमोहोर तांदळाच्या पिठीला वाटीभर पाणी, चमचाभर तूप, चिमूट मीठ. पिठी जुनी असेल तर पाणी दोन चमचे जास्त. मोदक उकळत्या पाण्यावर १० ते १२ मिनिटं वाफवा.

पिवळे बेदाणे घ्यावेत की काळे? पिवळ्यांना गंधक लावतात असं ऐकलं.
– एक वाचक, दापोली

सोनेरी पिवळा रंग टिकवण्यासाठी बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, हे खरं. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण दम्याच्या रुग्णांपैकी काहींना होतो. अशा घरात तपकिरी-काळे, धुरी न दिलेले बेदाणे किंवा बी असलेल्या काळ्या मनुका घ्या. आपल्याकडे येणारा बेदाणा बहुधा सांगली-तासगाव भागातला असतो. कुठलाही आणलात तरी कोमट पाण्यात पटकन दोनदा धुवून लगेच फडक्यावर टिपा. पावसात ते उन्हात वाळणार नाहीत, तेव्हा कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर पाच-सहा मिनिटं फिरवा. फुगायला लागले की थांबा. धुतलेले ओले बेदाणे लाडवात गेले तर मालवणच्या वाचकांचीच गत व्हायची.

बाळ दीड वर्षाचं आहे. खजूर-काजूचा लाडू द्यावा का?
– एक वाचक, रत्नागिरी

भरड काजू-बदामांचा लाडू नको. या वयात दाणे चावता येत नाहीत आणि श्वासनलिकेत अडकू शकतात. अख्खे काजू, शेंगदाणे, बेदाणे, खजुराचे मोठे तुकडे हेही टाळा. काजू अगदी बारीक पूड करून, खजूर साल काढून मऊसर ठेचून, नाचणीच्या सत्त्वात किंवा दूधभातात अर्धा-एक चमचा घालता येईल. बदाम, काजू पहिल्यांदा देताना एक-एक वेगळा, थोडासाच द्या आणि अंगावर पित्त उठतं का ते पाहा. खजूर दातांना चिकटून राहतो, म्हणून जेवणाबरोबर द्या आणि नंतर पाणी पाजा.

घरच्या बागेतले काजूगर आहेत. भाजले की बाहेरून काळे, आतून कच्चे राहतात. शिवाय श्रावणापर्यंत खवट होतात.
– एक वाचक, वेंगुर्ला

काजूगरात साखर आणि तेल दोन्ही आहेत. मोठ्या आचेवर वरची साखर काळी पडते, आत उष्णता पोचेपर्यंत वेळ मिळत नाही. कढईत मंद आचेवर ८ ते १० मिनिटं, किंवा ओव्हन असेल तर १५० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मधे एकदा हलवून. हव्या त्या रंगाच्या एक छटा आधीच उतरवा आणि लगेच गार ताटात ओता, कारण तापलेल्या कढईत ते आणखी भाजत राहतात. एका घाण्यात सारख्या आकाराचे गर घ्या. अख्खे आणि तुकडे एकत्र घातले तर तुकडे नक्की करपतात. लालसर साल राहिलेले गर लाडवात तुरट लागतात, भाजून गरम असताना फडक्यात चोळा म्हणजे साल सुटेल.

खवटपणा तेलाला हवा लागल्याने येतो, उष्णता आणि उजेड तो वाढवतात. भाजलेला काजू कच्च्यापेक्षा लवकर खवट होतो, म्हणून साठवायचे ते न भाजता, हवाबंद पिशवीत, हवा दाबून काढून, फ्रीझरमध्ये. भाजायचे ते त्या दिवशीच्या लाडवापुरते. खवट झालेला काजू पुन्हा भाजून सुधारत नाही. एका घाण्याचे सगळे लाडू बिघडवायला चार खवट गर पुरतात, म्हणून कुटण्याआधी दोन-तीन चावून पाहा.

बिया घरी फोडत असाल तर हातांना खोबरेल चोळा किंवा हातमोजे घाला. टरफलातल्या डिकाने, म्हणजे तेलकट चिकाने, कातडी भाजते, आणि तो गरांना लागला तर तोंडही. बिया बंद खोलीत भाजू नका, तो धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट.

सुकेळी नुसती खाऊन मुलं कंटाळली. त्यांचं आणखी काय होतं? आणि साध्या केळ्यांची सुकेळी का होत नाही?
– एक वाचक, वसई

सुकेळीला राजेळी केळं लागतं. त्याचा गर घट्ट असतो, पिकल्यावरही पाणी सोडत नाही, म्हणून सालं काढून सात-आठ दिवस उन्हात वाळवलं तरी आकार धरून राहतं आणि आतून मधासारखं होतं. नेहमीचं बाजारी केळं वाळताना चेपतं, काळवंडतं आणि मध्ये ओलं राहिलेलं आंबतं. घरच्या ओव्हनमध्ये करून पाहायचं असेल तर राजेळी उभी चिरून ६० ते ६५ अंशांवर १८ ते २४ तास लागतात. ओव्हन १०० अंशांच्या खाली येत नसेल तर तो नाद सोडा, बाहेर कवच धरेल आणि आत चिखल राहील.

वड्या अशा : सुकेळी २५० ग्रॅम, भाजलेल्या तिळांचं आणि शेंगदाण्यांचं कूट मिळून १०० ग्रॅम, भाजलेलं सुकं खोबरं ४० ग्रॅम, सुंठ पाव चमचा, लिंबाचा रस अर्धा चमचा. सुकेळी कडक झाली असतील तर चाळणीत ठेवून तीन-चार मिनिटं वाफवा, लगेच पुसून पंख्याखाली गार करा. सुरीला तूप लावून बारीक चिरा, खलबत्त्यात ठेचा. मिक्सरला लावू नका, पात्याभोवती गोळा फिरत बसतो. सगळं मळून तूप लावलेल्या ताटात बोटभर नाही, अर्ध्या बोटाच्या जाडीचं थापा. दोन तासांनी वड्या पाडून तिळांत घोळवा. वाफवलेली असतील तर या वड्या तीन दिवसांत संपवा, नाहीतर फ्रिजमध्ये दहा दिवस.

बाजारातले केळ्याचे वेफर्स मात्र याच्या जागी चालणार नाहीत. ते तळलेले असतात.

मे महिन्यात केलेली बिनसाखरेची आंबापोळी आता एकमेकांना चिकटली आहे, काही ठिकाणी पांढरं दिसतं. टाकून द्यावी का? पुढच्या वर्षी काय बदलावं?
– एक वाचक, देवगड

आधी ते पांढरं काय आहे ते ओळखा. साखरेचे खडे असतील तर हाताला खरखरीत, कोरडे लागतात आणि ओल्या बोटाने चोळले की विरघळतात. ते निरुपद्रवी. (सुक्या अंजिरावर आणि जुन्या खजुरावर येतं तेही बहुधा हेच.) कापसासारखं, लव असलेलं, वास येणारं असेल तर ती बुरशी, ती पोळी टाका. पोळीला आंबूस किंवा दारूसारखा वास येत असेल तरी टाका.

चांगली असेल तर १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, थर न फाटता सुटतात. त्यांचे आठ सेंटिमीटरचे चौकोन कापून आत भाजलेल्या काजूंची भरड ६० ग्रॅम, भाजलेलं खोबरं ३० ग्रॅम आणि वेलची यांचं मिश्रण चमचा-चमचा घालून घट्ट गुंडाळ्या करा. वेगळी गोडी अजिबात लागत नाही. कडेला पाण्याचं बोट लावायचा मोह टाळा, आंबापोळी स्वतःच चिकटते. नैवेद्याच्या ताटात या गुंडाळ्या फार सुरेख दिसतात.

पुढच्या मे महिन्यासाठी : चिकटण्याचं मूळ जाड थरात आहे. जाड रस घातला की वर साय धरते आणि खालची ओल कोंडते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या ताटात एका वेळी २०० मिलिलिटरच रस घाला, थर तीन मिलिमीटरचा होईल. तो बोट लावून चिकटेनासा झाल्यावरच पुढचा, कडक उन्हात दिवसाला एक. एक किलो गाळलेल्या रसात दोन लहान चमचे लिंबाचा रस घाला, रंग टिकतो. रस आधी सारखा ढवळत पाच मिनिटं चांगला तापवला, उकळू न देता, तर आंबवणारे जंतू मरतात, पण ताज्या आंब्याचा वास थोडा जातो. ढगाळ दिवसांची भीती असेल तर तापवा, नाहीतर नको. ताटावर मलमल बांधा आणि ऊन उतरायच्या आत घरात घ्या, संध्याकाळचं दंव दिवसभराची मेहनत घालवतं.

साखर न घातलेली पोळी वजनाला कमी भरते, म्हणून घाईने उतरवली जाते. हापूसच्या एक किलो रसातून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पोळी मिळाली पाहिजे. तीनशे ग्रॅम भरली तर आनंद मानू नका, ती अजून ओली आहे. उजेडासमोर धरून पाहा : मध्ये कुठेही गडद ओला डाग दिसू नये, आणि घडी घातली तर चिरू नये. मग प्रत्येक पोळीमध्ये बटर पेपर घालून, पहिला पाऊस पडायच्या आत डबा बंद करा.